गोळी घेणारा अध्यक्ष चालत नाही?

आमच्या क्लबच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे घटनादुरुस्तीचा एक ठराव आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार या पदांसाठी उभं राहणाऱ्याने आपण कोणत्याही मानसिक आजारावर उपचार घेत नसल्याचं लेखी निवेदन अर्जाला जोडावं, आणि पदावर असताना असा आजार उद्भवला तर राजीनामा द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ठराव मांडणारे आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, टँकरवर हयात घालवलेले कॅप्टन. सोबत त्यांनी सगळ्या सभासदांना चार पानांचं टिपण पाठवलं आहे. त्यात माझं नाव नाही. असायची गरजही नाही. सध्या अध्यक्ष मी आहे आणि मी नैराश्यावर उपचार घेतो, हे मागच्या सभेत मीच उभं राहून सांगितलं होतं.

टिपण सभ्य भाषेत आहे, कळकळीने लिहिलेलं आहे, आणि माझ्या मते जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर चुकलेलं आहे. कॅप्टनसाहेबांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे. मी बॉयलर सूट घालून इंजिनरूममध्ये ग्रीस पुसायला लागलो, तेव्हा त्यांच्या खांद्यावर चार पट्ट्या होत्या. म्हणूनच त्यांना दोन ओळींत झटकून टाकता येत नाही. सविस्तर उत्तर देतो.

बाहेरच्या वाचकाला आधी क्लब म्हणजे काय ते सांगायला हवं. पोहण्याचा तलाव आणि टेनिसचं कोर्ट असलेला हा क्लब नव्हे. बॅलार्ड इस्टेटमधली आणि आता बेलापूर-अंधेरीकडे सरकलेल्या शिपिंग ऑफिसांतली माणसं महिन्यातून एकदा जमतात: किनाऱ्यावर आलेले कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर, सर्व्हेअर, शिपब्रोकर, मॅनिंग कंपन्यांचे लोक, सागरी कायद्याचे वकील. एखादं व्याख्यान होतं, नवा नियम कोणी समजावून सांगतो, गरजू कॅडेटांना शिष्यवृत्ती दिली जाते. १९१९ साली ५ एप्रिलला ‘एसएस लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, त्याची आठवण म्हणून राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. तो कार्यक्रम आमचा वर्षातला मोठा. (त्या बोटीमागे सोलापूरचे वालचंद हिराचंद होते, हे दरवर्षी भाषणात कोणीतरी सांगतं आणि दरवर्षी कोणीतरी नव्याने चकित होतं.) अध्यक्षाचं काम काय? सभा चालवायची, वक्त्याचे आभार मानायचे, खजिनदाराबरोबर चेकवर सही करायची आणि हॉलवाल्याशी अनामत रकमेवरून हुज्जत घालायची.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की कॅप्टनसाहेबांचा पहिला आणि सर्वांत जोरदार मुद्दा थेट जहाजाच्या ब्रिजवरून येतो. ते लिहितात की मास्टरच्या, म्हणजे कप्तानाच्या, मनाचा तोल हा जहाजाचा शेवटचा आधार असतो, वादळात त्याचा हात थरथरला तर वीस-बावीस माणसांचा जीव जातो, आणि ज्या व्यवसायाचा कणाच धीर हा आहे त्याच्या क्लबने अधीर माणूस डोक्यावर बसवू नये. ऐकायला झकास. पण ही वडाची साल पिंपळाला लावणं झालं. माझ्या हातून वार्षिक जेवणाच्या दिवशी मेन्यू चुकला, तर फार तर पनीर कमी पडेल. कोणी बुडत नाही. ज्या पदावर कोणाच्या जिवाचा प्रश्नच येत नाही, त्याला जिवाच्या पदाची कसोटी कशाला?

बरं, ब्रिजवर तरी खरोखर तसा नियम आहे का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून खलाशांच्या वैद्यकीय तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २०१३ च्या आवृत्तीत मनाच्या आजारांचा स्वतंत्र विचार आहे. आजार तीव्र अवस्थेत असताना माणूस तात्पुरता अपात्र. सावरल्यावर प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय, कधी काही मर्यादा घालून. आणि आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर मात्र कायमचा अपात्र. थोडक्यात, रक्तदाबाला किंवा फिट्सना जी रीत लावतात तीच. एकदा निदान झालं की माणूस बाद, असं ब्रिजलाही मान्य नाही. आमचा ठराव ब्रिजपेक्षा कडक आहे, आणि तो सभागृहासाठी आहे!

आणि कॅप्टनसाहेब, मास्टर आजारी पडला तर जहाजावर काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? चीफ ऑफिसर चार्ज घेतो. लॉगबुकात नोंद होते, कंपनीला मेसेज जातो, पुढच्या पोर्टला डॉक्टर येतो. त्यात कोणाची बेअब्रू नाही. अपेंडिक्सने आडवा झालेला मास्टर धीराचा नव्हता, असं त्याच्या पाठीमागे कोणी म्हणत नाही. जहाजावर माणूस आजारी पडणार हे गृहीत धरूनच सगळी रचना केलेली असते. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, हा नियम माणूस लोखंडाचा नाही हे कबूल करूनच झाला. ती विश्रांती कागदावर किती आणि बंकवर किती मिळते, हा निराळा विषय. त्यावर आपण दोघं एकाच बाजूला असू.

टिपणात जर्मनविंग्जच्या विमानाचा दाखला आहे. येणारच होता. मनाच्या आजाराचा विषय निघाला की तो निघतोच. २४ मार्च २०१५ ला सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं, दीडशे माणसं गेली. त्याला पूर्वी नैराश्य येऊन गेलं होतं आणि शेवटच्या काही महिन्यांत तो पुन्हा आजारी होता, हे खरं. पण कॅप्टनसाहेबांनी पुढचं वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं. फ्रेंच तपासयंत्रणेचा अंतिम अहवाल मार्च २०१६ मध्ये आला. सहवैमानिकाने डॉक्टरांनी दिलेली रजेची पत्रं कंपनीपासून दडवली होती. का दडवली, याचा विचार करताना अहवाल या गोष्टींवर बोट ठेवतो: उडण्याचा परवाना जाण्याची भीती आणि त्याबरोबर जाणारं उत्पन्न. म्हणून शिफारशींत परवाना गेल्यावर होणाऱ्या आर्थिक नुकसानीवर उपाय आहे, सहकाऱ्यांनीच चालवलेले मदतगट आहेत. डॉक्टरांनी गोपनीयता केव्हा मोडावी याचे नियम स्पष्ट करा, असंही त्यात आहे. ते मी लपवत नाही, आणि विमान किंवा जहाज चालवणाऱ्याबाबत ते मला पटतं. पण आजार झालेला दिसला की हाकला, हा त्या अहवालाचा निष्कर्ष नाही. हाकलतील या भीतीनेच तो दिसेनासा होतो, असं तो अहवाल सांगतो. कॅप्टनसाहेबांनी आपल्या बाजूने उभा केलेला साक्षीदार माझ्या बाजूने बोलतो.

इंजिनरूमचा माणूस म्हणून एक सांगतो. मोठ्या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये एखादं बेअरिंग तापलं की तेलाचं धुकं होतं. ते वाढलं आणि पेटलं तर स्फोट. म्हणून ऑइल मिस्ट डिटेक्टर बसवलेला असतो. तो रात्री-बेरात्री बोंबलतो, इंजिनाचा वेग खाली आणतो, कंपनीचं वेळापत्रक बिघडवतो. त्याचा आवाज नको म्हणून वायर काढून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. अलार्म वाजत नाही, सगळं छान चाललेलं दिसतं. हा ठराव ती वायर काढायला सांगतो.

कारण निवेदनाचा फॉर्म आला की त्यावर लोक काय लिहिणार? बोटीवर चढण्याआधीच्या मेडिकलच्या फॉर्मवर मानसिक आजाराविषयी प्रश्न असतो. त्यापुढे माणसं कशावर खूण करतात, हे मॅनिंगच्या ऑफिसात बसलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे निदान तपासणीला एक कारण आहे, समोर डॉक्टर आहे. क्लबच्या फॉर्ममागे यातलं काहीच नाही. तो वाचणार कार्यवाह, आणि कार्यवाहाच्या कपाटाची किल्ली चार जणांकडे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कलम २३ मध्ये उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि कलम २१ मध्ये मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकीच वागणूक द्यायला सांगितलं आहे, अगदी आरोग्यविम्यापर्यंत. ते सगळं एका बाजूला आणि आमच्या घटनेतला नवा नियम दुसऱ्या बाजूला, हे चित्र क्लबमधल्या वकील मंडळींना कसं दिसतं, ते त्यांनीच सभेत सांगावं.

आता दुसरा मोठा मुद्दा, आमच्या काळी असलं काही नव्हतं, हा. टिपणाचं जवळजवळ दीड पान यावर खर्च झालं आहे. चौदा-चौदा महिन्यांचे करार, घरचं पत्र दोन पोर्टांमागे एकदा, बाप गेल्याची तार महिन्याने हातात, तरी कोणी नैराश्याचं नाव काढलं नाही, असं ते लिहितात. यातला प्रत्येक तपशील खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

त्या काळचीच बोट घेऊ. माल उतरवायला आणि भरायला आठवडा, कधी दोन आठवडे. चाळीस-पन्नास माणसं. त्यांत रत्नागिरीचे, गोव्याचे, कच्छचे खलाशी आपापल्या गटात. संध्याकाळी स्मोक रूममध्ये बिअर, शनिवारी प्रोजेक्टरवर सिनेमा, पोर्टला उतरून गावभर भटकणं. एकटेपणा होता, पण तो चार जणांत वाटून घेतलेला होता. आज कंटेनरची बोट न्हावा शेव्याला लागते आणि दिवसभरात सुटते. किनाऱ्यावर उतरायला ना वेळ ना परवानगी. वीस-बावीस माणसं, पाच देशांची. दारू बंद. वॉच संपला की जो तो आपल्या केबिनमध्ये, दार लावून, मोबाईलवर. घरी व्हिडिओ कॉल लागतो आणि मुलाला ताप आलेला लाइव्ह दिसतो. उठून जाता येत नाही. पूर्वीच्या माणसाला ताप उतरल्यावर पत्र मिळायचं. संपर्काची सोय देणं आता जहाजमालकाला बंधनकारक आहे, सागरी कामगार करारातली ती दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, आणि ती हवीच होती. फक्त त्याने एकटेपणा संपेल, असं समजण्यात अर्थ नाही. २०२० च्या अखेरीस करोनामुळे सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. त्यांच्याकडेही मोबाईल होते.

आणि आमच्या काळी खरोखरच काही नव्हतं का? काळ जरा मागे नेऊ. १८२८ साली मॅगेलनच्या सामुद्रधुनीत सर्वेक्षण करणाऱ्या ‘बीगल’ या ब्रिटिश जहाजाचे कप्तान प्रिंगल स्टोक्स खिन्नतेत बुडाले, केबिनमध्ये स्वतःला कोंडून घेऊन राहिले आणि शेवटी त्यांनी जीव दिला. त्यांच्या जागी आले रॉबर्ट फिट्झरॉय, वय २३. फिट्झरॉय यांच्या एका मामांनीही आत्महत्या केली होती, ते लॉर्ड कॅसलरे. आपलंही तेच होईल या धास्तीने, १८३१ च्या सफरीवर निघताना फिट्झरॉय यांनी जेवणाच्या टेबलावर बोलायला, सोबतीला म्हणून एक सुशिक्षित माणूस मागितला. तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. कप्तानाला एकटेपणाची भीती होती आणि ती त्याने दाबून ठेवली नाही, म्हणून डार्विन गॅलापागोसला पोचला. १८३४ मध्ये वालपराइसोला फिट्झरॉय कोसळले, कप्तानपद सोडतो म्हणाले; लेफ्टनंट विकहॅम यांनी समजूत घातली, राजीनामा मागे घ्यायला लावला. १८३६ मध्ये त्यांनी जहाज सुखरूप घरी आणलं.

पुढचं अधिक महत्त्वाचं. १८५४ पासून ते हवामानखात्याचे प्रमुख होते, ब्रिटनच्या आजच्या हवामान कार्यालयाची ती सुरुवात. १८५९ च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज बुडालं, सुमारे साडेचारशे माणसं गेली. तेव्हा फिट्झरॉय यांनी तारायंत्रावरून किनाऱ्याकिनाऱ्याला वादळाचे इशारे पाठवण्याची पद्धत बसवली. १८६१ मध्ये ती सुरू झाली. कोळ्यांच्या बंदरांत त्यांनी बॅरोमीटर लावले. शास्त्रज्ञांनी टिंगल केली, कारण अंदाज कधी चुकायचे. १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनीही स्वतःचा जीव घेतला. त्यानंतर इशारे बंद केले गेले, आणि पुन्हा सुरू करावे लागले, कारण समुद्रावर जाणाऱ्यांना ते हवे होते. कॅप्टनसाहेब म्हणतील, शेवटी झालं ना तेच? झालं. त्या काळी त्या आजाराला उपचार नव्हता, पैशाची चिंता होती आणि टिंगल करायला सगळे होते. तरीही ज्याने समुद्रावरची असंख्य माणसं वाचवली, तो माणूस आपल्या ठरावानुसार कार्यवाहपदावरही टिकू शकला नसता.

म्हणजे आमच्या काळी नव्हतं असं नाही, मोजलं जात नव्हतं. २०१९ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी आयटीएफ सीफेअरर्स ट्रस्टसाठी १,५७२ खलाशांची पाहणी केली. चौघांतल्या एकामध्ये नैराश्याची लक्षणं होती. पाचातल्या एकाच्या मनात आदल्या दोन आठवड्यांत जीव देण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येऊन गेला होता. पाहणी ज्यांनी भरून दिली त्यांचीच आहे, सगळ्या समुद्राची नाही, असा आक्षेप घेता येईल. घ्या. अर्धा आकडा धरला तरी आमच्या महिन्याच्या सभेतली एक अख्खी रांग भरते.

पुरस्कर्ते कंपनीवाले बिचकतील, हा तिसरा मुद्दा. याला फार वेळ देत नाही. त्याच कंपन्या आपापल्या बोटींवर मानसिक आरोग्याची पोस्टरं चिकटवतात आणि हेल्पलाइनचे नंबर केबिनच्या दाराला लावतात. ज्या कंपनीला पोस्टर चालतं पण माणूस चालत नाही, तिच्या जाहिरातीवाचून आपली स्मरणिका चार पानं बारीक निघेल, निघू दे.

चौथा मुद्दा मात्र मला लागला. ते म्हणतात, आजार खाजगी होता तर तो खाजगीच ठेवायचा. घरातली गोष्ट सभेत आणून सहानुभूती कशाला गोळा केली? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हणही त्यांनी वापरली आहे. आता मूठ कशी झाकलेली होती ते ऐका. कॅडेटांच्या शिष्यवृत्तीची पत्रं माझ्या टेबलावर सहीसाठी आली होती. छोटा गठ्ठा. पेनचं टोपण काढून मी बसलो आणि सही करता येईना. हात दुखत नव्हता, पत्रात चूक नव्हती. फक्त पहिल्या पत्राच्या तळाशी आपलं नाव लिहायचं एवढं काम डोंगराएवढं झालं होतं. कार्यालयातला मुलगा दोनदा आत डोकावून गेला. तिसऱ्यांदा त्याने चहा आणून ठेवला आणि साय धरेपर्यंत तो तसाच राहिला. त्या महिन्याची सभा चुकली, पुढचीही. उपाध्यक्ष बाईंना मी खरं सांगितलं, बाकी कोणाला नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला, चेकबुक कुठे आहे. आणि सगळं काम हातात घेतलं.

मूठ झाकलेली असताना क्लबमध्ये काय पसरलं? अध्यक्ष पिऊन पडलेला असतो. दुसरी आवृत्ती, हिशेबात काहीतरी घोळ आहे म्हणून तोंड चुकवतो. यांतल्या पहिल्या आवृत्तीवर कोणी रागावलं नाही, हे मला फार बोलकं वाटलं. खांद्यावर थाप मारून एक-दोघं म्हणाले, होतं असं, आपल्या लाइनमध्ये चालायचंच. दारू आपल्याकडे मर्दानी आजार आहे. यापूर्वी अध्यक्षपदी कोण कोण बसून गेलं आणि वार्षिक जेवणाच्या रात्री कोणाला टॅक्सीत घालून घरी पोचवलं, याची यादी कॅप्टनसाहेबांना माझ्याहून चांगली पाठ आहे. तेव्हा घटनादुरुस्ती सुचली नाही कोणाला. एका माजी अध्यक्षांची बायपास झाली, तेव्हा कार्यकारिणीने पुष्पगुच्छ पाठवला, दोन महिने उपाध्यक्षांनी सभा चालवल्या, आणि ते परत आले तेव्हा आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या मागत नाही. रोज रात्री जेवणानंतर एक पांढरी गोळी घेतो आणि सकाळी सातच्या लोकलने कामावर जातो, यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. राजीनामा मागण्यासारखंही नाही.

मी सभेत बोललो ते हिशेबाच्या अफवेमुळे. खजिनदाराच्या सचोटीवर शिंतोडे उडत होते आणि बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. मी चार वाक्यं बोललो, खाली बसलो आणि पुढचा विषय पुकारला. तो लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा होता.

सहानुभूती किती गोळा झाली? जिन्यात एका तरुण सेकंड ऑफिसरने मला गाठलं. त्याला एकच माहिती हवी होती: कंपनीच्या फाइलवर नाव न जाता डॉक्टर भेटतो का? सुट्टीत घरी असताना उपचार घे, पूर्ण घे. पुढच्या मेडिकलला डॉक्टरांपासून लपवू नकोस, ब्रिजवर उभं राहायचं आहे तुला. आणि रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. एवढं मी सांगितलं. लपवू नकोस म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पडणारच, कारण लपवायचं कसं हेच त्याला आजवर सगळ्यांनी शिकवलं आहे. ‘कासव’ या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं, कोकणच्या किनाऱ्यावर एका खचलेल्या मुलाला हळूहळू सावरू देणाऱ्या माणसांची ती गोष्ट. पडद्यावर आपल्याला ती माणसं आवडतात. जिन्यात तो मुलगा समोर उभा राहिला, की आपण फॉर्म काढतो.

एका गोष्टीत कॅप्टनसाहेबांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ती लहान नाही. आजार जोरात असताना माणूस निर्णय घ्यायच्या लायकीचा नसतो. त्या दोन महिन्यांत मी नव्हतो. एखाद्या करारावर मी तेव्हा सही केली असती तर ती घातक ठरली असती. पण याला उपाय रजेचा आणि बदली माणसाचा आहे. १९९८ च्या ऑगस्टअखेरीस नॉर्वेचे पंतप्रधान शेल मॅग्ने बोंडेविक नैराश्याने आजारी पडले. कारण न लपवता त्यांनी ते जाहीर केलं आणि रजेवर गेले. त्या तीन-साडेतीन आठवड्यांत आन्ने एंगर लानस्टाइन या मंत्रीणबाईंनी पंतप्रधानपदाचं काम पाहिलं. बोंडेविक परतले. पुढे संसदेत हरले, ते वीजप्रकल्पांच्या वादावरून, गोळ्यांवरून नव्हे. आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान होऊन त्यांनी चार वर्षं पुरी केली. जहाजं चालवण्यात नॉर्वेचा हात धरणारे देश थोडे आहेत. त्या देशाने पंतप्रधानाच्या बाबतीत जे निभावलं, ते व्याख्यानं भरवणाऱ्या एका क्लबला झेपू नये?

म्हणून मी उपदुरुस्ती देतो आहे, आणि तिच्यात आजाराचं नावच नाही. कोणताही पदाधिकारी, कारण काहीही असो, लागोपाठ दोन सभांना येऊ शकला नाही किंवा त्याने तसं कळवलं, तर त्याचा कार्यभार आपोआप उपाध्यक्षांकडे किंवा कार्यकारिणी नेमेल त्याच्याकडे जाईल. बँकेतल्या सह्यांची पर्यायी व्यवस्था वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवली जाईल. आणि तो परत आला की कार्यभार परत मिळेल. बायपासवाल्यालाही हेच, बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईंनाही हेच, सहा महिने बोटीवर गेलेल्यालाही हेच. अध्यक्षाने काम केलं नाही तर त्याला काढायचं कलम घटनेत आधीपासून आहे. माझ्या कामात खोट असेल तर ते कलम वापरा. मी तक्रार करणार नाही.

ठरावावर हात वर करून मतदान घ्यायचं आहे. ते तसं होऊ नये. विरोधात हात वर करणाऱ्याकडे शेजारचा वळून पाहील आणि मनात म्हणेल, हाही घेतो वाटतं; आणि जे खरोखर घेतात, त्यांचा हात खालीच राहील. गुप्त मतदानाची मागणी करण्याचा हक्क सभासदांना घटनेनेच दिला आहे, तो वापरा. ठराव माझ्यामुळे आला असल्याने त्या विषयापुरता मी अध्यक्षांच्या खुर्चीत बसणार नाही; सभा उपाध्यक्ष बाई चालवतील. मी तुमच्यात बसून ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. तुम्हीही द्या.